टीव्हीतला आणि घरातला

अचूकरावांच्या आईला दोन मुलगे होते, एक घरातला आणि एक टीव्हीतला. खरं म्हणजे दोघे एकच होते, पण ही गोष्ट म्हातारीच्या गळी उतरवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं.

घरातला मुलगा बावन्न वर्षांचा होता. तो फ्रीजचं दार उघडं टाकून विचार करत उभा राहायचा, चहात बुडालेलं बिस्कीट बोटांनी काढायचा आणि छत्री जिथे जाईल तिथे ठेवून यायचा. टीव्हीतला मुलगा रोज संध्याकाळी साडेसातला इस्त्रीचा कोट घालून यायचा, नजरेला नजर देऊन नमस्कार करायचा आणि अर्धा तास कुठेही न अडखळता आख्ख्या प्रांताच्या बातम्या सांगायचा. आई खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसायची आणि त्याला उलट नमस्कार करायची. रविवारचा आठवड्याचा आढावा शनिवारीच रेकॉर्ड करून ठेवलेला असायचा, त्यामुळे रविवारी दोन्ही मुलगे एकदम समोर यायचे. तेव्हा ती घरातल्याला शेजारी बसवायची आणि म्हणायची, "बघ जरा याच्याकडे. काहीतरी शीक."

घरातला मुकाट्याने बघायचा. त्यालाही कधी कधी वाटायचं की हा माणूस आपल्यापेक्षा जरा बरा आहे.

अचूकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते केंद्रातल्या लोकांनी ठेवलेलं. तरुणपणी ते बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून लाउडस्पीकरवर घोषणा करायचे. आवाज इतका ठाम होता की एकदा त्यांनी चुकून भलत्याच गावाचं नाव घेतलं, तर चौदा प्रवासी निमूटपणे त्या गावाला जाऊन आले आणि तक्रार एकानेही केली नाही. त्या चौदातला एक जण प्रांतिक दूरदर्शन केंद्रात कामाला होता. त्याने परत आल्या आल्या साहेबांना सांगितलं की असा आवाज खिडकीत वाया जातो आहे. पुढच्या सव्वीस वर्षांत अचूकराव पडद्यावर एकदाही चुकले नाहीत. म्हणून अचूकराव.

आता या सगळ्यात औषधाचा संबंध काय, ते सांगतो. आईला रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी, रोज संध्याकाळी घ्यायच्या. घरातल्याने दिल्या तर ती घ्यायची नाही. सुनेने दिल्या तर हातात घ्यायची, हात मुठीत मिटायची आणि विषय बदलायची. मग अचूकरावांना एक युक्ती सुचली. बातम्या संपताना त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडायला सुरुवात केली: "आणि हो, औषधं वेळेवर घ्या." हे वाक्य ऐकलं की आई दोन्ही गोळ्या जिभेवर ठेवून पाणी पिऊन मोकळी. टीव्हीतला सांगतो म्हणजे त्यात काहीतरी असणार. प्रांतातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनाही ते वाक्य लागू पडलं आणि डॉक्टरांची आभाराची पत्रं आली, तो भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी अचूकरावांचा घसा बसला आणि चार दिवस दुसऱ्याच कुणीतरी बातम्या वाचल्या. घरच्यांनी जुनी रेकॉर्डिंग लावून पाहिली. आई म्हणाली, "हा मंगळवारचा आहे. मंगळवारच्या गोळ्या मी मंगळवारी घेतल्या." चौथ्या दिवशी तिला चक्कर आली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की या वयात पुन्हा असं झालं तर आपण काही बोलू शकत नाही. तेव्हापासून अचूकराव रोज सकाळी उठल्यावर आधी घसा तपासायचे आणि मग डोळे उघडायचे.

म्हणूनच मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून बातम्या आता रात्री नऊला होतील असं सांगितलं, तेव्हा त्यांना आधी आईच आठवली. आई साडेआठला झोपायची. शिवाय नऊच्या बातम्या नवी निवेदिका वाचणार होती. ती बोलताना चालायची आणि चालताना हात हलवायची, आणि आजकाल लोकांना ते आवडतं असं साहेबांचं म्हणणं पडलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने अचूकरावांना बिस्किटं खाऊ घातली आणि विचारलं, की आता आराम करावा असं नाही का वाटत.

अचूकरावांनी विचारलं, साडेसातला काय असणार?

साडेसातला लहान मुलांचा कार्यक्रम असणार होता, 'करून बघू'. कागद, पुठ्ठा, डिंक, असं सगळं. त्याला अजून माणूस मिळाला नव्हता.

मला द्या, अचूकराव म्हणाले. साहेबांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. हा माणूस मुलांशी बोलताना मुलांना 'आपण' म्हणतो, हे सगळ्या केंद्राला माहीत होतं. पण सव्वीस वर्षांत त्याने काही मागितलंही नव्हतं. शेवटी असं ठरलं की पुढच्या शुक्रवारी साडेसातला एक भाग थेट दाखवायचा. साहेब तो स्वतः घरी बसून बघणार. जमला तर कार्यक्रम अचूकरावांचा, नाही तर पुष्पगुच्छ, शाल आणि घड्याळ.

पुढचे आठ दिवस अचूकराव स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदाचा पक्षी करायला शिकत होते. पहिले तीस पक्षी पाकिटांसारखे दिसत होते. बायकोने त्यात विजेची बिलं ठेवली. गुरुवारी मात्र एक पक्षी पक्ष्यासारखा झाला, आणि आईने तो हातात घेऊन निरखला. अचूकरावांनी आशेने विचारलं, कसा आहे. ती म्हणाली, बरा आहे, पण टीव्हीतल्याने केला असता तर उडाला असता.

पुढे जाण्याआधी कानातलं प्रकरण काय असतं ते नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. टीव्हीवर बोलणाऱ्याच्या कानात एक बारीकसा इअरफोन असतो. दुसऱ्या खोलीत दिग्दर्शिका बसलेली असते. तिच्यासमोर एक बटण असतं. ते दाबून ती बोलली की तिचं बोलणं फक्त त्याच्या कानात जातं. अचूकरावांच्या दिग्दर्शिकेला सगळे नुसतं बाई म्हणत. एरवी बाई त्यांना 'तुम्ही' म्हणायच्या, पण कानात मात्र 'तू', कारण कानात वेळ नसतो. वळ. हस. हसू नकोस, अपघाताची बातमी आहे. आवर. त्यांनी एखादा प्रश्न कानात विचारला, तर तो अचूकरावांसाठी नसायचा. समोर बसलेल्या पाहुण्याला अचूकरावांनी तो आपल्या तोंडाने विचारायचा असायचा. आणि नियम एकच होता: कानात जे येईल ते लगेच करायचं, का म्हणून विचारायचं नाही, आणि ते कानात आलं हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

सव्वीस वर्षांत हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बायकोलाही त्याचा शोध लागला होता. समोर उभं राहून कचरा टाकायला सांगितलं तर महाशयांना ऐकू जायचं नाही. पण मागून येऊन उजव्या कानाशी हळूच "ऊठ. कचरा. जा," म्हटलं, की ते चेहऱ्यावर सौम्य हसू ठेवून उठायचे आणि जिन्यात पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की हातात कचऱ्याची पिशवी आहे.

शुक्रवार उजाडला. स्टुडिओत पिवळी भिंत उभारली होती. मधोमध एक बुटकं टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं निळं कापड आणि त्यावर नमुन्याचे वीसेक कागदी पक्षी. भोवती आठ मुलं गोल फिरणाऱ्या स्टुलांवर बसली होती. अचूकरावांनी कोट सोडायला नकार दिला होता. आईने ओळखलं नाही तर, ही भीती. आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत औषधाचं वाक्य म्हणायचं, हे त्यांनी बाईंकडून तीनदा कबूल करून घेतलं होतं.

नेमकं त्याच संध्याकाळी बाईंच्या घरी बेसिनखालचा नळ फुटला. घरी फक्त त्यांचा धाकटा भाऊ होता. हा भाऊ चाळीस वर्षांचा, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. नळाशी त्याचा संबंध तो उघडून हात धुण्यापुरता. कार्यक्रम सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील, त्याचा फोन आला. बाईंनी तो कापला असता, पण भाऊ म्हणाला की पाणी आता जमिनीत मुरायला लागलंय. आणि बाईंच्या बरोबर खालच्या घरात मोठे साहेब राहत होते.

बाईंनी खुर्ची फिरवली, पडद्यांकडे पाठ केली, एका कानावर हात ठेवला आणि दुसऱ्या कानाला फोन लावला. एवढं सगळं करताना त्यांची चहाची कपबशी सरकून नेमकी त्या बटणावर जाऊन बसली, हे त्यांना कळलं नाही. शेजारी कॅमेरे बदलणारा माणूस बसला होता. त्याने ते पाहिलं, पण त्याला वाटलं, नवा कार्यक्रम आहे, नवी पद्धत असेल.

स्टुडिओत अचूकराव मुलांना सांगत होते की आता आपण कागदाची दुसरी घडी घालावी. मुलं जांभया देत होती. एक जण दुसरीच्या वेणीला डिंक लावत होता. तेवढ्यात कानात आवाज आला.

"थांब. आधी हातातलं खाली ठेव."

अचूकरावांनी अर्धा पक्षी खाली ठेवला. मुलांनीही आपापले अर्धे पक्षी खाली ठेवले.

"आता गुडघ्यावर बस आणि आत जा."

आत म्हणजे कुठे, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. अचूकरावांनी नजर फिरवली. सगळ्या स्टुडिओत आत असलेली एकच जागा होती. त्यांनी प्रेक्षकांकडे बघून सौम्य हसू केलं, कोटाचं बटण सोडलं, गुडघे टेकले आणि टेबलाचं कापड वर करून आत गेले. कॅमेरावाला बावीस वर्षं त्यांचा एकच फोटो काढत आल्यासारखा एकाच जागी उभा होता. आज पहिल्यांदा त्याला काहीतरी काम मिळालं. तो कॅमेरा घेऊन जमिनीवर पालथा पडला.

"दिसतंय का काही?" कानात आलं.

प्रश्न म्हणजे समोरच्याला विचारायचा. अचूकरावांनी टेबलाखालून, ज्या आवाजात ते पुराची बातमी द्यायचे त्या आवाजात, विचारलं, "दिसतंय का काही?"

आठही मुलं एकदम खाली वाकली. तुमचे बूट दिसतायत, एक म्हणाला. टेबलाला कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय, दुसरी म्हणाली. तिसऱ्याला खाली वाकून काही दिसेना म्हणून तो सरळ आत घुसला, आणि त्याच्यामागे आणखी दोघे.

"डाव्या हाताला एक गोल असेल बघ. तो फिरव. जोर लाव जरा, सकाळी जेवलास ना?"

डाव्या हाताला स्टुलाची गोल बैठक होती. तिच्यावर वेणीला डिंक लागलेली मुलगी बसली होती. अचूकरावांनी कापडाखालून हात काढून ते स्टूल फिरवलं आणि गंभीरपणे विचारलं, "सकाळी जेवलास ना?"

मुलगी म्हणाली, हो, पण मी मुलगी आहे. आणि ती गरगरा फिरायला लागली.

"उलटा फिरव. अरे, उलटा."

त्यांनी स्टूल उलटं फिरवलं. आता बाकीच्या मुलांनाही फिरायचं होतं. रांग लावा, असं म्हणायची गरजच पडली नाही. ज्याला जे स्टूल सापडलं ते त्याने धरलं आणि स्वतःच फिरायला लागला.

"थांबलं का?" कानात.

"थांबलं का?" अचूकरावांनी विचारलं.

मुलगी म्हणाली की स्टूल थांबलंय, पण ती अजून थांबलेली नाहीये.

"मग बादली आण. खाली लाव. पटकन, नाहीतर सगळं साहेबांच्या डोक्यावर पडेल."

हे मात्र अचूकरावांना अगदी पटलं. कार्यक्रम हातचा जातोय आणि साहेब चिडणार, हे बाई त्यांना सांगत होत्या. त्यांच्याही मनात तेच होतं. स्टुडिओत बादली नव्हती, कागदांचे कपटे टाकायला एक प्लॅस्टिकचा डबा होता. टेबलाखालून बाहेर येऊन त्यांनी तो ओढला, उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि गरगरणाऱ्या मुलीच्या समोर ठेवला. मुलीचा चेहरा तोवर हिरवट झाला होता. तिने डब्याकडे कृतज्ञतेने पाहिलं आणि तो पोटाशी धरला.

इकडे आपल्या घरी मोठे साहेब सोफ्यावर बसून हा प्रकार बघत होते. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी पुष्पगुच्छ कोणत्या दुकानातून मागवायचा ते ठरवलं होतं. मग टेबलाखालचा प्रकार सुरू झाला आणि ते पुढे सरकून बसले. एवढ्यात त्यांच्या टकलावर एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. दुसरा थेंब चष्म्यावर पडला. आणि नेमक्या त्याच वेळी टीव्हीतून अचूकरावांनी त्यांच्यासमोर एक मोठा डबा धरला. साहेब उठले, न्हाणीघरातून बादली आणली, सोफ्यावर ठेवली आणि स्वतः शेजारी सरकून बसले. पुढचा थेंब टण्ण करून बादलीत पडला. साहेबांनी आदराने टीव्हीकडे पाहिलं.

"आता धर आणि ओढ," बाई सांगत होत्या. "तुटलं तर तुटू दे."

अचूकरावांनी टेबलावरचं कापड दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. वीस कागदी पक्षी एकदम हवेत उडाले. मुलांनी जी आरोळी ठोकली ती बाहेर व्हरांड्यात बसलेल्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेली. एक पक्षी जाऊन वरच्या दिव्याला अडकला आणि तिथेच हलत राहिला.

अचूकराव जमिनीवर बसले होते. टाय पाठीवर गेला होता, गुडघे काळे झाले होते, केसांत कपटे होते. आणि तेव्हा कानात पुढचं वाक्य आलं.

"मग काढून टाक ना तो शर्ट. लाजतोस काय? इथे कोण बघतंय तुला?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अचूकरावांचा हात जागच्या जागी थांबला. तो कॉलरपर्यंत गेला होता, पहिलं बटण सुटलंही होतं. पण डोळ्यांसमोर आई आली, खुर्चीत सावरून बसलेली, मुठीत दोन गोळ्या धरलेली. टीव्हीतला तिचा गुणी मुलगा. कोट तर गेल्यातच जमा होता. आता शर्टही.

"नाही," ते मोठ्याने म्हणाले. "शर्ट मी काढणार नाही."

मोठा माणूस नाही म्हणतोय आणि तेही कुणाला हे कळत नाहीये, ही गोष्ट मुलांना फारच आवडली. मीही नाही काढणार, एक मुलगा म्हणाला. मग आठही जण ओरडायला लागले की आम्ही शर्ट काढणार नाही, आणि आमच्या शाळेचा स्वेटरही काढणार नाही, आणि भेंडी खाणार नाही. कॅमेरावाला पालथा पडल्या पडल्या हसत होता, त्यामुळे सगळा प्रांत पडद्यावर थोडा थोडा हलत होता.

हा गलका स्पीकरमधून कंट्रोल रूममध्ये पोहोचला. बाईंनी खुर्ची फिरवली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बटणावरच्या कपबशीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. फोनवर भाऊ विचारत होता की शर्ट पिळून वाळत घालू का. बाईंनी फोन ठेवून दिला.

"तुम्ही काय करताय?" कानात आलं. सव्वीस वर्षांत कानात पहिल्यांदाच 'तुम्ही' आलं होतं. अचूकरावांना त्याच क्षणी कळून चुकलं की काहीतरी भयंकर झालंय. वर टांगलेल्या घड्याळात सात सेकंद उरले होते. ते धडपडत उठले, कॅमेऱ्याकडे वळले, श्वास घेतला. "आणि हो," ते म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर नावं धावायला लागली आणि आवाज बंद झाला. औषधाचं वाक्य त्यांनी पूर्ण म्हटलं, अगदी स्वच्छ उच्चारात. पण ते फक्त आठ मुलांनी आणि एका कॅमेरावाल्याने ऐकलं. त्यांच्यापैकी कुणालाही रक्तदाब नव्हता.

कोटही न झटकता ते बाहेर पडले. दारातच बाईंनी त्यांना गाठलं. बाईंचे डोळे भरून आले होते, आणि बेसिन, भाऊ, कपबशी असं सगळं त्या उलट्या क्रमाने सांगत होत्या. अचूकराव म्हणाले, की बाई, मला आत्ता काही समजत नाहीये, मला घरी जायचंय. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मोठे साहेब होते. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की दोघांनाही ऐकू येत होतं. ते म्हणत होते की प्रेक्षकांची गरज ओळखणं म्हणजे काय ते आज कळलं. छप्पर गळायला लागतं आणि निवेदक बादली दाखवतो. असा अनुभव त्यांना उभ्या आयुष्यात आला नव्हता. कार्यक्रम अचूकरावांचाच. मात्र रोज असला दंगा मुलांच्या तब्येतीला झेपणार नाही, म्हणून आठवड्यातून एकदा, दर शुक्रवारी. बाकीचे दिवस कार्टून. आणि जाता जाता, वर तुमच्याकडे काही गळतंय का हो?

बघते, बाई म्हणाल्या.

टॅक्सीत बसल्यावर अचूकरावांनी हिशेब केला. आठवड्यात वार सात. शुक्रवार एक. उरलेल्या सहा दिवसांचं काय? आणि आजचं काय? टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्याने सांगितलं, की माझ्या घरून फोन आला होता, पोरं टेबलाखाली जाऊन बसलीत आणि जेवायला बाहेर येत नाहीत, हे तुमच्यामुळेच ना? अचूकरावांनी मान हलवली. टॅक्सीवाला म्हणाला, चांगलं केलंत, घरात पहिल्यांदा इतकी शांतता आहे.

घरी पोहोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. बायकोने दार उघडलं आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. आईंनी नेहमीप्रमाणे गोळ्या मुठीत घेतल्या होत्या. सुरुवातीला नमस्कारही केला. पण मग टेबल आलं आणि त्या हसायला लागल्या. गेल्या दहा वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेवटी वाक्याची वाट बघत बसल्या, वाक्य आलंच नाही. मुठीत गोळ्या विरघळल्या, तळवा पिवळा झाला. बायकोने हात धुऊन दिला आणि दोन नव्या गोळ्या काढून दिल्या, तर त्या तोंड मिटून बसल्यात.

अचूकराव आत गेले. आई जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसली होती. समोर पाण्याचा पेला आणि बशीत दोन गोळ्या होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी. पंधरा मिनिटांत ती झोपायला उठणार होती.

"आई," ते म्हणाले, "औषधं वेळेवर घे." अगदी टीव्हीतल्या आवाजात म्हणाले.

"तो म्हणाला नाही."

"विसरला असेल. मी सांगतोय ना."

"तू कोण सांगणारा," आई म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. "गुडघे कशाने काळे केलेस?"

"टेबलाखाली गेलो होतो."

आईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केसांतला कपटा, उलटा टाय, कॉलरचं सुटलेलं बटण. तिने हात पुढे करून तो कपटा काढला आणि उजेडात धरून पाहिला. निळा होता.

"तो तूच होतास?"

"मीच असतो, आई. रोज."

"इतकी वर्षं?"

"सव्वीस."

"मग सांगायचं नाही का कधी?" ती म्हणाली. दारात उभ्या असलेल्या बायकोने तोंडाला पदर लावला. गेली सव्वीस वर्षं या घरात आणखी दुसरं काही सांगितलंच गेलं नव्हतं.

अचूकरावांना वाटलं, की चला, एका मोठ्या गोष्टीचा निकाल लागला. त्यांनी बशी पुढे सरकवली. पण आईने ती परत मागे ढकलली. तिचा मुद्दा सरळ होता. टीव्हीतल्याचं ती ऐकायची, कारण तो शहाणा होता. तो शहाणा नसून तूच आहेस, असं आज निघालं. मग आता कुणाचं ऐकायचं? या प्रश्नावर कानातही काही येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले. त्यांना दवाखान्याची ती खोली आठवली, आणि डॉक्टरांचं ते 'आपण काही बोलू शकत नाही'. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि तिचा धुऊनही पिवळसर राहिलेला तळवा हातात घेऊन म्हणाले, की तुला माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकूस. पण तू ही गोळी घेतली नाहीस तर मला फार भीती वाटते. हे त्यांनी कुठल्याच आवाजात म्हटलं नाही. साधंच म्हटलं, आणि मधे अडखळलेही.

आईने पाण्याचा पेला जवळ ओढला. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"मजा आली पण," ती म्हणाली. "ते पुन्हा करशील?"

"काय?"

तिने हनुवटीने टेबलाकडे खूण केली.

बावन्न वर्षांचे अचूकराव, सगळ्या प्रांताला माहीत असलेले, खुर्चीवरून उतरले, गुडघे टेकले आणि जेवणाच्या टेबलाखाली गेले. तिथे एक हरवलेला चमचा होता, चुकलेला एक कागदी पक्षी होता आणि आईचे दोन पाय होते, मोज्यांत, आनंदाने हलणारे. वर बशीत काहीतरी खुडबुडलं. पाण्याचा पेला उचलला गेला आणि परत टेकला.

"पांढरी घेतली," वरून आवाज आला.

"आणि पिवळी?"

"तू अजून पूर्ण आत गेला नाहीयेस. पाय बाहेर दिसतायत."

अचूकरावांनी पाय आत ओढून घेतले. तेवढ्यात बायकोने विचारलं की अहो, जेवायला वाढू का, आणि टेबलाखालून उत्तर आलं की पाचच मिनिटं थांब, आईचं पाणी पिऊन होऊ दे.